हातचा

ओउलू, फेब्रुवारी. सकाळचे नऊ,
खिडकीत अजून रात्रच.
खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या नाकांतून वायरी निघालेल्या,
इंजिन गोठू नये म्हणून
खांबाखांबाला लागून वीज पीत उभ्या.

आमच्या मीटिंगच्या खोल्यांना बोरांची नावं आहेत.
ही दलदलीतल्या पिवळ्या बोराची.
दाराशी बर्फातले बूट काढून,
पिशवीतून आणलेले कोरडे बूट घालून
ताइस्तो राउतिओला आत येतात. वय अठ्ठावन्न.
खुर्ची ओढतात तीही आवाज न करता.

मी एकतीस वर्षांची. समोर छापील प्रश्न,
आणि भिंतीवरच्या पडद्यात डब्लिनहून ऑर्ला,
तिच्याकडे सातच वाजलेत, केस अजून ओले.
'मधल्या नऊ वर्षांचं काय?' ती विचारते.

'बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त केली.
आई होती, तिचं केलं.
ती गेली.
मग पुन्हा यंत्रं.'

मग माझा प्रश्न: दोन संख्या, कुठल्याच पेटीत न मावणाऱ्या,
एकेक अंक सुटा. बेरीज करा.
ते पेन घेतात. आणि गप्प.
एक मिनिट. दोन. पेनाचं टोपण लागतं, निघतं.
ऑर्ला मला चॅटवर: अडकलाय का?
मी: नाही. विचार करतोय. इथे असंच असतं.

चौथ्या मिनिटाला हात उचलून
फळ्यावर आठ चौकोन, खाली आठ,
उजवीकडून सुरुवात, शाळेतल्यासारखी,
डोक्यावर बारीक एक: हातचा.
डावीकडे सरकतो. पुन्हा हातचा. पुन्हा.
शेवटच्या चौकोनापाशी ते थांबतात.
'आणि हा? याला घर नाही.'

'तो गळतो,' मी म्हणते, 'फक्त झेंडा वर होतो.'
'हो. झेंडा होतो.
कुणीतरी बघावा लागतो.'
जरा थांबून: 'आमच्या मजल्यावर आम्ही एकशे चाळीस जण होतो.
त्या चिपमधला झेंडा बघायचं काम माझं होतं.'
बढाईचा सूर नाही,
रडगाण्याचाही नाही.
टोपण लावून पेन जागेवर.

झेंडा वर होतो हे मला पाठ होतं. एवढंच.
तीन वर्षांपूर्वी याच खोलीत मी
दोनशे बारा उत्तरं घोकून आले होते,
पाढ्यांसारखी, आणि हसत हसत सांगितली,
मध्ये मुद्दाम अडखळलेसुद्धा, दोनदा,
आत्ताच सुचल्यासारखं वाटावं म्हणून.
उत्साह या रकान्यात मला पाच मिळाले होते.

दुपारी बारापर्यंत फॉर्म भरायचा.
उत्साह: ऑर्लानं दोन दिलेत.
मी चार लिहिते.
मग तिचे दोन पुन्हा दिसतात. चाराचे तीन करते.
कुणी सांगितलं नव्हतं.
सरासरी अडीच. आमचं सॉफ्टवेअर अर्धा धरत नाही,
खाली उतरवतं: दोन.
पुढच्या फेरीला तीन लागतात.
हिशोब तोंडी करण्यासारखा होता.
मी केला, पण नंतर.

फळा पुसायला गेले तर
त्यांनी तो आधीच पुसून ठेवलेला.

ते निघाले तेव्हा मी खिडकीशी होते.
निळसर उजेड आला होता तोवर.
त्यांनी आपली वायर खांबावरून काढली,
कोपर आणि पंजाभोवती गुंडाळली, वेढ्यावर वेढा,
डिकीत ठेवली.
मग शेजारच्या गाडीपाशी वाकले.
तिचा प्लग निसटून बर्फात पडला होता.
हातमोजा काढून त्यातला बर्फ फुंकला,
खांबाला लावला, दाबून बघितला.

कुणाची गाडी होती कोण जाणे.
माझी नव्हती.